लामतिउरला न्यायला

“मूलबाळ नसलेल्या पोरीची हाडं आहेत तिथेच राहू द्यावीत, असं मला सांगणाऱ्या पुरुषाने आधी एक पोर नऊ महिने पोटात वागवून दाखवावं.”

सुमात्रात, सरोवराकाठच्या बालिगेच्या बाजारात, मासळीच्या ओट्यामागे उभं राहून, इनांगने हे तिच्या नवऱ्याच्या कुळातल्या तीन म्हाताऱ्यांना सुनावलं. हातात खवले काढायची सुरी होती. सुरीचा या वाक्याशी काही संबंध नव्हता, पण म्हाताऱ्यांनी तो लावला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य जकार्तात, आमच्या चिलिलितानच्या गल्लीत येऊन पोहोचलं होतं, आणि येताना सुरीची लांबी वाढली होती.

इनांग म्हणजे आई. ती माझी आई नव्हे. माझ्या सासऱ्यांची ती थोरली बहीण. पण आमच्या बाताक लोकांत सासऱ्याला तुलांग म्हणायचं, म्हणजे मामा, मग ते खरोखरीचे मामा असोत वा नसोत. आणि मामाची बहीण ती आईच. हिशेब सरळ आहे. तो मोडायचा नसतो.

तिची पहिली मुलगी लामतिउर. एकोणिसाव्या वर्षी ती जकार्ताला आली, शर्ट शिवायच्या कारखान्यात लागली आणि तुलांगच्या टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहू लागली. मामाचं घर, तेव्हा काळजी नव्हती. पाच वर्षांनी ताप आला आणि आठवडाभरात ती गेली. लग्न झालेलं नव्हतं. अशा मरणाला आमच्यात झांजा वाजत नाहीत, रेडा कापत नाहीत, भाषणं होत नाहीत. पाद्र्याने छोटी प्रार्थना केली, चार बायका रडल्या आणि माती लोटली. बातमी कळताच इनांग बसने निघाली होती. अख्खं सुमात्रा उतरून, मग बोटीने सामुद्रधुनी ओलांडून ती पोहोचली, तेव्हा मातीवरची फुलं काळी पडली होती. ती कबरीपाशी एक रात्र बसली आणि त्याच वाटेने परत गेली.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली असतील.

आमच्यात पहिलं मूल झालं की आईबापांचं स्वतःचं नाव संपतं. लामतिउर जन्मली आणि तिची आई नाई लामतिउर झाली, लामतिउरची आई. लामतिउर गेल्यावर गावाने दया म्हणून ते नाव टाकलं. मेलेल्याचं नाव जिवंत बाईला रोज कशाला ऐकवायचं? लोक तिला धाकट्या मुलाच्या नावाने हाक मारू लागले. मग त्याला मुलगा झाला, जोगी, आणि ती ओम्पू जोगी झाली, जोगीची आजी. याहून मोठा मान आमच्यात बाईला नाही. ती मात्र त्या हाकेला वळत नसे. बाजारात कोणी “ओम्पू जोगी, हा मासा कसा दिला?” असं विचारलं तर माशाकडे पाहून म्हणे, “सांग रे, तुला विचारतायत.” नाई लामतिउर म्हटलं की मगच भाव सांगायची.

एका लग्नात डुकराच्या मटणाचे मानाचे वाटे होत होते. आमच्यात कोणाला कुठला तुकडा मिळतो त्यावरून त्याची जागा ठरते, आणि तो पुकारून देतात. “ओम्पू जोगी!” असा पुकारा झाला. तिने वाटा घेतला नाही. वाटणाऱ्याने पुन्हा पुकारलं. ती उठली, ताट घेऊन मांडवाच्या मधोमध गेली, ते जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, “या बाईला शोधा आणि द्या. मी नाई लामतिउर. माझा वाटा अजून यायचाय.” लग्न तासभर थांबलं. शेवटी नवऱ्या मुलाच्या बापाने दबक्या आवाजात ते नाव पुकारलं, तेव्हा ती जेवायला बसली. मटण गार झालं होतं. ती म्हणाली, झकास झालंय.

मुख्य भांडण हाडांचं. आमच्यात मोठ्या माणसाला दोनदा पुरतात. आधी मातीत. मग बऱ्याच वर्षांनी मुलं-नातवंडं हाडं वर काढतात, लिंबा-हळदीच्या पाण्याने धुतात आणि टेकडीवरच्या कुळाच्या घुमटीत नेऊन ठेवतात. सिमेंटची घुमटी, फरशा लावलेली, वर क्रूस. इनांगचा नवरा तिथे आहे. त्याच्या शेजारचा खण तिच्यासाठी रिकामा ठेवलेला आहे. पण हा मान नातवंडं पाहिलेल्यांचा. बिनलग्नाच्या पोरीसाठी कोणी कधी माती उकरलेली नाही.

“माझा खण तिला द्या,” इनांग म्हणाली. “मी भाताच्या बांधावर झोपेन. तिथे वारा तरी लागतो.”

म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. त्याच सुमारास माझ्या बायकोने, रोतुआने, तिला फोनवर सांगितलं होतं की इथे दफनभूमीत जागा उरलेली नाही, जुन्या कबरींत नवी माणसं पुरू लागलेत, आणि लामतिउरच्या शेजारच्या दोन दगडांवर परकी नावं आली आहेत. इनांगने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुझ्या बापाला सांग, कुदळ काढून ठेव. मागच्या वेळी मी बसने आले नि उशीर झाला. या वेळी उडत येते.”

बापाला सांगायचं कारण असं की, पहिली कुदळ मामाने मारायची असते. मेलेल्याच्या आईचा भाऊ मातीला पहिला घाव घालतो, मग बाकीचे खणतात. मामाच्या घावाशिवाय उकरलेली हाडं म्हणजे चोरीचा माल. लामतिउरचा मामा एकच, आमचे तुलांग. साहाला तांबुनान, चिलिलितानच्या चौकातल्या टायरच्या दुकानाचे मालक.

तुलांगनी निरोप ऐकला आणि ते दुकानात जाऊन एका ट्रकचं चाक स्वतःच्या हाताने खोलू लागले. कामाला चार माणसं असताना.

*

तिला आणायला विमानतळावर मी गेलो. जावयाचं कामच ते. आमच्यात जावई म्हणजे उचलणारा, वाढणारा, आणणारा. मी दाराबाहेरच्या लोखंडी कठड्याला टेकून उभा होतो. आतून माणसांचे लोंढे येत होते. हजहून आलेले, सुटीवरून आलेले, कोणाच्या तरी आजारपणाला आलेले. या शहरात वरून उतरणारा प्रत्येक जण दारातून बाहेर येताना क्षणभर थबकतो. गरम, ओल्या, डिझेलच्या हवेचा फटका तोंडावर बसतो. मग चेहरा जकार्ताचा होतो.

इनांग थबकली नाही. अंगात नवऱ्याचा जुना कोट, खाली लुंगी, केस घट्ट बांधलेले. सामानाच्या ढकलगाडीवर सुतळीने आवळलेलं खोकं. ती सरळ चालत आली, आणि मी हात हलवायच्या आत एका टॅक्सीवाल्याने तिला गाठलं.

“टॅक्सी, आजी? स्वस्तात नेतो. कुठे जायचं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. जकार्तातल्या टॅक्सीवाल्याच्या बोलण्यात बालिगेचा हेल होता.

“कुठल्या कुळाचा रे तू?”

“तांबुनान, आजी.”

“मीही तांबुनानांची लेक. आजोबाचं नाव काय?”

त्याने सांगितलं. तिने बोटांवर पिढ्या मोजल्या. मधे एकदा अडली, पुन्हा मागे गेली. त्याचा चेहरा पडत चालला होता, कारण हिशेब कुठे चाललाय ते त्याला कळलं होतं.

“तू माझा भाचा लागतोस. आत्याला लुटायला निघाला होतास.”

“मला काय ठाऊक, आत्या!”

“विचारायला तोंड नव्हतं? भाव सांगायला आहे. उचल ते खोकं.”

त्याने खोकं उचललं. मी पुढे झालो तेव्हा ती त्याला म्हणाली, “हा आपला जावई. याची गाडी आहे. तू तिथपर्यंत ये.” त्याचं नाव जोंतेर. पार्किंगपर्यंत तो घामाघूम होत आला.

“जकार्ता बघायला आलात, आत्या?”

“न्यायला आलेय.”

“काय न्यायला?”

“लेकीला.”

“वा! इथे दिली आहे का?”

“इथे ठेवली होती,” ती म्हणाली. “ठेवलेली वस्तू परत मागायला लाज कसली?”

जोंतेरला काय ते समजलं असावं. बाताक माणसाला समजतं. त्याने खोकं डिकीत हळू ठेवलं आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

महामार्गावर लागलो. डाव्या हाताला मासळीची तळी, खारफुटी, त्यांच्या पलीकडे समुद्राची राखाडी कड. पुढे गाड्यांची रांग, हलत नसलेली. पहिल्यांदाच विमानात बसलेल्या माणसाला विचारतात ते मी विचारलं.

“भीती वाटली का, इनांग?”

“कशाची? वर बसायला जागा दिली, पाणी दिलं. एक पोरगी पट्टा बांधा म्हणाली. मी म्हटलं, बांध, पण उतरल्यावर सोडायला ये, मला काम आहे.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “खिडकीतून पाहिलं मी तुमचं शहर. गंजक्या पत्र्यांचं शेत. मधे मधे काचेचे खांब उभे केलेत, पाखरं हाकलायला केल्यासारखे. आणि हिरवे तुकडे दिसले, सारखे कापलेले. शेजारच्या माणसाला विचारलं, ही कसली बाग? म्हणाला, दफनभूमी. म्हटलं, बरं आहे. इथे मेल्याशिवाय मोकळी जागा मिळत नाही, आणि आता मेल्यावरही मिळेना.”

रांग सरकली.

“जाताना तिला मांडीवर घेईन,” ती म्हणाली.

“विमानवाले हाडं सामानात टाकायला लावतात, इनांग. खाली, पेट्यांत.”

“मग त्यांच्याशीही बोलावं लागेल.” तिने कोटाची बटणं सोडली. “तुझा सासरा काय म्हणतो?”

मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

*

तुलांगच्या घरी त्या संध्याकाळी सगळा बेत तिच्या आवडीचा होता. हळदीतला मासा, तिखट डुकराचं मटण, कसाव्याच्या पानांची भाजी. भावाने बहिणीचं ताट स्वतः वाढलं. आमच्यात भाऊ-बहीण एकमेकांना ईतो म्हणतात, दोघांना एकच शब्द. त्या शब्दात खूप अंतर राखावं लागतं आणि खूप मायाही. तुलांग आडदांड माणूस आहेत, ट्रकचं चाक एकट्याने उभं करणारे. बहिणीसमोर ते भिंतीला टेकून बसले होते.

“ईतो, घाव मी घालणार नाही,” ते म्हणाले. मटण अजून तोंडात होतं. त्यांना ते एकदाचं बोलून टाकायचं होतं.

“जेव आधी.”

“जेवण जात नाही.”

“तुझं? हे ऐकायलाच मी विमानात बसले म्हणायची.”

तुलांग हसले नाहीत. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. पडद्यामागे त्यांची सून झोपली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, सहावा महिना होता, आणि दोनदा आधी काही टिकलं नव्हतं.

“लोक म्हणतात,” ते हळू आवाजात म्हणाले, “निपुत्रिक गेलेल्याची माती मामाने उकरली, तर ते निपुत्रिकपण त्याच्या घरात येतं. तू म्हण मला भित्रा.”

“भित्रा.”

“म्हण.”

“म्हटलं की.” इनांगने ताट सरकवलं. “साहाला, ती या घरात पाच वर्षं होती. तुझ्या मुलांचे लंगोट तिने धुतले. हा तुझा मुलगा, ज्याची बायको आत झोपलीय, तो तिच्या पाठीवर वाढला. ती त्याच्या पोरावर डूख धरेल? ती?”

“ती नाही. पण पद्धत...”

“पद्धत म्हणजे कोण? गावाकडचे ते तिघे? त्यांना विचारून ताप आला होता तिला?”

तुलांगनी डोकं खाली घातलं. रोतुआ भाताचं भांडं घेऊन मधे आली आणि तशीच उभी राहिली. “नाम्बोरू, अजून थोडा भात?” आत्याला आम्ही नाम्बोरू म्हणतो. इनांगने ताट पुढे केलं. खरंच भूक लागली होती तिला.

“रागावलीस?” तुलांगनी विचारलं.

“नाही. राग घेऊन वर बसू देत नाहीत, खोक्यात टाकावा लागतो. उद्या सकाळी खोकं उघडेन.”

मग ती दुसरंच बोलू लागली. सरोवरात या वर्षी मासे कसे मेले, बाजारात परगावच्या बायका येऊन बसायला लागल्या तेव्हा तिने ओट्यावर कसं अंथरूण घातलं आणि दोन रात्री तिथेच कशी झोपली. नवरा गेल्यावर चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला, त्याच्या जागेवर ती बसायला लागली; पाद्री बोलले, तर ती म्हणाली, जागा गरम ठेवतेय, देव त्याला परत पाठवेल तेव्हा उठेन. आम्ही हसत होतो. तुलांगही हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या आणि ते सारखे हात पुसत होते, मांडीवर, लुंगीवर, पुन्हा मांडीवर.

*

सकाळी आम्ही दफनभूमीत गेलो. इनांग, रोतुआ, मी, आणि नासिर म्हणून तिथला खणणारा, जुना बेतावी, म्हणजे मूळ जकार्ताचा माणूस, तोंडात लवंगेची सिगरेट. तुलांग आमच्या गाडीत बसले नाहीत. पण आम्ही कबरीपाशी पोहोचलो तेव्हा ते वाटेवरच्या चाफ्याखाली उभे होते, रविवारचा काळा कोट घालून. मोटरसायकलने आले असावेत. जवळ मात्र येईनात.

खोक्यातून वस्तू बाहेर आल्या. खडबडीत सालीची लिंबं, हळकुंडं, तांदूळ, पांढरं कापड, पितळी घमेलं. कुदळ मी घरून आणली होती. इनांगने ती दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि ती तुलांगपर्यंत चालत गेली. कबरींमधून वाट नीट नव्हती. तिला दोनतीन दगडांवर पाय द्यावा लागला, आणि प्रत्येक वेळी ती त्या दगडाची माफी मागत होती.

“ईतो,” ती म्हणाली. “एकदाच. जोर नको लावू. मातीला नुसती टेकव.”

तुलांगनी कुदळीकडे पाहिलं. हात वर आले, कोपरापर्यंत, आणि तिथेच राहिले.

“माझ्याच्याने होत नाही गं.”

तिने कुदळ मागे घेतली. मग मान हलवली. “आलास हे बरं केलंस,” म्हणाली, आणि परत आली.

नासिर पुढे झाला. “आजी, बाजूला व्हा. घाम आमचा.”

“पहिला माझा.”

रोतुआने माझा दंड धरला. आमच्यात बाईने हे केल्याचं मी ऐकलेलं नाही. आईने तर नाहीच. इनांगने कोट काढून तिच्याकडे दिला, लुंगी वर खोचली, आणि मातीशी बोलली. आवाज बाजारातला होता, खणखणीत.

“लामतिउर, तुझा मामा आलाय. झाडाखाली उभा आहे, मला दिसतोय. पण कुदळ माझ्या हातात आहे. उठ.”

तिने घाव घातला. मग दुसरा. तिसरा. मामाचा घाव एकच असतो. ती थांबायलाच तयार नव्हती. गुडघाभर खड्डा झाला तेव्हा नासिरने तिच्या हातातून कुदळ काढून घेतली. “आता वय सांगू का तुमचं?” तो म्हणाला. ती खड्ड्याच्या काठावर बसून धापा टाकत त्याला हसली.

हाडं चहाच्या रंगाची झाली होती. नासिर एकेक वर देत होता आणि इनांग घमेल्यात धूत होती, लिंबाच्या पाण्याने, आधी मोठी, मग बारीक. रडली नाही. ती बोलत होती, न्हाऊ घालताना बायका पोराशी बोलतात तसं. “हा गुडघा. आंब्यावरून पडली होती, सुजून एवढा झाला होता. हा हात, शिवणाचा. हे काय, हनुवटी. हनुवटी बापाची.” रोतुआ पांढरं कापड पसरून ओणवी बसली होती आणि तिच्या नाकाचं पाणी कापडावर पडत होतं. “पुसून घे,” इनांग म्हणाली. “कोरडी जाऊ दे तिला.”

मी चाफ्याकडे पाहिलं. तुलांगनी कोट काढला होता. तो हातावर टाकून ते उभे होते, उघड्या डोक्याने, उन्हात.

*

दुपारच्या विमानाची तिकिटं होती, म्हणून आम्ही तुलांगच्या घरी फक्त कपडे बदलायला आलो. दारात चपलांची रांग पाहून मला कळलं.

इनांगच्या नवऱ्याच्या कुळाची जकार्तातली मोठी माणसं येऊन बसली होती. त्यांच्या वतीने बोलणारे अमांग, म्हणजे वडीलधारे, पांदापोतान, रेशमासारख्या आवाजाचा माणूस. तुलांग आमच्या आधीच येऊन पोहोचले होते आणि कोपऱ्यात बसले होते. इनांग कापडात बांधलेली हाडं छातीशी धरून आत आली. कोणी उठलं नाही. हाडं घरात आली की उठायचं असतं.

“बसा, ओम्पू जोगी,” पांदापोतान म्हणाले.

ती उभी राहिली.

“बरं, उभ्या राहा. आम्ही भांडायला आलेलो नाही. झालं ते झालं. आईचं काळीज आहे, कोणाला कळत नाही? पण मामाच्या घावाशिवाय माती उकरली. गावाकडे फोन झाले. घुमटीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कोणी देणार नाही.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तरी वाट काढू. घुमटीच्या भिंतीबाहेर, पायरीपाशी, हातभर जागा देतो. आत नाही, पण जवळ. प्रार्थना होईल, झांजा नकोत. आणि राहिला घाव. तो आत्ता घालता येईल.”

“आत्ता?” रोतुआच्या तोंडून निघून गेलं.

“माती ती माती. तुलांग तयार आहेत.”

तेव्हा माझं लक्ष गेलं. दारापाशी क्रोटनची कुंडी आणून ठेवली होती. नेहमी ती वरच्या गच्चीत असते. तुलांग उठले. दफनभूमीतून त्यांनी आधीच उचलून आणलेली कुदळ त्यांच्या हातात होती, अजून ओल्या मातीची. चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पडद्याआड सून जागी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. कुंडीतली माती कोणाचीच नव्हती. तिच्यात कोणी पुरलेलं नव्हतं.

“ईतो, बघ हं,” तुलांग म्हणाले. “मारतो. मग सगळं नीट होईल. तू फक्त हो म्हण.”

“आणि एवढंच मागणं आहे,” पांदापोतान पुढे म्हणाले, “की हे नावाचं सोडा आता. ओम्पू जोगी म्हटलं की हो म्हणा. पोराला केवढा मान आहे त्यात! मेलेली नावं घरात फिरवू नयेत. तुम्ही थोडं सरका, आम्ही थोडं सरकतो. बोला.”

सगळे तिच्याकडे पाहत होते. मीही. मी तिच्या वाक्याची वाट पाहत होतो. ती आता काय सुनावणार, उद्या ते गल्लीत कसं फिरणार, संध्याकाळी सरोवरापर्यंत कसं पोहोचणार. आयुष्यात तिने कोणाचा एक शब्द फुकट जाऊ दिला नव्हता. पांदापोताननी बशी खाली ठेवून घेतली. तेही तयारीने आले होते.

इनांगने तोंड उघडलं नाही. तिने हाडांची मोट पलंगावर ठेवली, गाठ तपासली. मग कोटाच्या आतून एक जुनं विणलेलं उलोस काढलं. त्याच्या लाल-काळ्या पट्ट्यांचा रंग उडाला होता. पहिल्या नातवंडाला पाठीशी बांधायला आजोबा आपल्या लेकीला हे वस्त्र देतात. तिच्या आणि तुलांगच्या बापाने ते तिला दिलेलं असणार. तिने मोट त्यात घेतली, वाकून पाठीवर टाकली, एक टोक खांद्यावरून, एक काखेतून, आणि छातीवर गाठ मारली. दोनदा उसळी देऊन ओझं नीट बसवलं. पाठ सरळ केली.

तुलांगच्या हातातली कुदळ कुंडीवर तशीच अधांतरी होती. ती त्यांच्या समोरून गेली. क्षणभर थांबली, त्यांच्या कोटाच्या बाहीवर चिकटलेलं चाफ्याचं पान झटकलं, आणि पुढे झाली. चपला शोधायला तिने घाई केली नाही. एक पाय, मग दुसरा. मागे कोणीतरी “ओम्पू जोगी!” म्हणून हाक मारली, मग जरा मोठ्याने.

ती एक शब्दही न बोलता दाराबाहेर पडली.